साखळीतला माझा हात

माझे अक्षर वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. ओळ सरळ सुरू होते आणि पानाच्या कडेला पोहोचेपर्यंत खाली घसरते. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत शिकवले तेवढेच येते, त्यातलेही अर्धे विसरले. मुलगी दहावीला आहे. तिला सांगितले असते तर तिने सगळे नीट करून दिले असते, पण मग तिला वाचायला द्यावे लागले असते. हे मी कोणाला वाचायला देण्यासाठी लिहीत नाही. तरी कोणाच्या हाती ही वही पडलीच, तर चुका पोटात घाला.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षाच्या शेवटी साक्ष द्यायची पद्धत आहे. प्रभूने वर्षभरात आपल्यासाठी काय केले ते सगळ्यांसमोर उभे राहून सांगायचे. मी कधीच उभी राहिले नाही. यंदाही नाही. पण यंदा माझ्याकडे सांगण्यासारखे होते, आणि ते न सांगता घरी आले तर जेवण गोड लागेना. म्हणून लिहायला बसले.

आम्ही बाया दर मंगळवारी दुपारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतो. रत्नागिरीत आम्ही ख्रिस्ती लोक थोडे. त्यामुळे एकमेकींच्या घरातले कप-बश्यासुद्धा ओळखीच्या झाल्यात. आधी गीत होते, मग वचन वाचतात, मग प्रत्येकीने आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा. कोणाच्या सासूचे गुडघे, कोणाच्या मुलाची मुंबईची नोकरी. आणि शेवटी साखळी प्रार्थना. सगळ्यांनी गोल बसून एकमेकींचे हात धरायचे. एक जण सुरू करते, तिचे आमेन झाले की तिच्या उजव्या हाताची बोलते, मग तिच्या उजव्या हाताची. जिला मोठ्याने प्रार्थना करायची नसेल तिने शेजारणीचा हात हळूच दाबायचा. तिला कळते की आता आपण बोलायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून हात दाबत आले.

माझे काम कोलंबी सोलायचे. कंपनीत पहाटे जायचे आणि माल संपला की सुटायचे. मंगळवारी मी तिथूनच सरळ प्रार्थनेला जाते. पहाटेपासून बर्फात घातलेला हात लवकर गरम होत नाही. माझ्या शेजारी बसायची वेळ आली की बाया हसायच्या, "आली बर्फाची लादी." कोणी वाईट मनाने म्हणत नसे. डोळे मिटलेले असताना गार हात दाबला गेला की सगळ्यांना ठाऊक असायचे, ही कोण. नवरा घरी विचारायचा, "आज काय प्रार्थना केलीस?" आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "एक चिमटा."

मला प्रार्थना येत नव्हती असे नाही. मोठ्याने येत नव्हती. देवाशी बोलायला मला लाज वाटत नाही, बाकीच्या ऐकतात त्याची वाटते. नर्सबाई बोलायला लागल्या की आपण गप्प बसलेलेच बरे असे वाटायचे. नर्सबाई म्हणजे आमच्या मंगळवारच्या पुढारी. दवाखान्यातून निवृत्त झाल्यात, गावातली अर्धी मुले त्यांच्या हातावर जन्मली. त्यांची प्रार्थना लांब आणि सुंदर. "हे कृपावंत स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या सिंहासनासमोर लीन होऊन येत आहोत" अशी सुरुवात झाली की मला माझे सगळे शब्द पाटीवरून पुसल्यासारखे वाटायचे.

माझी प्रार्थना कंपनीत चालायची. तिथे कोलंबी टोपलीने मिळते. मी एक टोपली घेतली की मनात एक माणूस धरायचे आणि टोपली रिकामी होईपर्यंत त्याच्यासाठी मागायचे. डोके मोडायचे, साल काढायचे, काळा दोरा ओढायचा, आणि मनात एकच, प्रभू, तिच्या गुडघ्यांना उतार पडू दे. मंगळवारी जी विषय सांगेल तिची टोपली बुधवारी. हे मी कोणाला सांगितले नव्हते. शेजारी बसणाऱ्या बाया बडबडायच्या आणि मला म्हणायच्या, हिला काही विचारू नका, ही झोपेत सोलते.

गेल्या वर्षी दसरा होऊन थोडे दिवस झाले असतील. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे. बोट बंदराला लागत होती, जाळे ओढायच्या यंत्रावर दोर गुंडाळला जात होता आणि त्यात त्याचा उजवा हात सापडला. मला कंपनीत निरोप आला. मी तशीच, हातमोज्यांसकट धावले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की अंगठ्याशेजारच्या तीन बोटांच्या शिरा तुटल्या आहेत, हाड चुरले आहे, इथे होणार नाही. कोल्हापूरला नेले आणि लगेच ऑपरेशन झाले तर बोटे राहतील. उशीर झाला तर काढावी लागतील. तिथे चाळीस हजार आधी भरावे लागतील.

नवऱ्याचा उजवा हात म्हणजे काय ते आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे. तो फाटलेले जाळे असे सांधतो की सांधा शोधून सापडत नाही. बोटीवर नसला की लोक त्याला जाळी दुरुस्त करायला बोलावतात. आमचे घर त्या तीन बोटांवर चालले होते म्हटले तरी चालेल.

बोटीच्या मालकाने गाडीचे भाडे दिले आणि आणखी पुढे बघू म्हणाला. मी कपडे घ्यायला घरी आले तर शेजारची मावशी माझ्या दारातच बसली होती. मावशी मासे विकते. नवरा नाही, थोरला मुलगा आणि सून घरात, धाकट्या मुलीचे लग्न वैशाखात ठरलेले. आमचे आणि त्यांचे अंगण एकच आहे, मध्ये फक्त तुळशीचे वृंदावन. बाजारातून येताना उरलेले बांगडे ती माझ्या पायरीवर ठेवते आणि पैसे विचारले की शिव्या देते.

"किती मागितले गो डॉक्टरनं?"

मी काहीतरी पुटपुटले.

"बाय, तोंड उघड. तुझा नवरा तिथं रक्तानं भिजलाय आणि तू लाजतेस काय?"

"चाळीस हजार," मी म्हणाले.

ती आत गेली. परत आली ती पदराखाली कापडी पिशवी घेऊन. "हे लेकीच्या लग्नाचे. वैशाखापर्यंत मला लागत नाय. पण थोरल्याला कळता नये. तो मला उभी खाईल."

"मावशी, मी कधी फेडणार—"

"त्याचा हात राहिला तर फेडशील. नाय राहिला तर मग दोघी बसून रडू. जा आता."

गाडीत मी ती पिशवी मांडीवर धरून बसले होते. आंबा घाटात वळणावर वळणे आली तसा नवरा कण्हायला लागला आणि मी पिशवीच घट्ट धरत होते, जणू तीच त्याचा हात होती. पैशांना मासळीचा वास येत होता. मला त्या वासाने धीर आला.

ऑपरेशन झाले. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिले विचारले, "बोटं मोज." बांधलेल्या पट्टीतून नुसती टोके दिसत होती. मी मोजली आणि म्हणाले, "पाच." तो परत झोपला. डॉक्टर मात्र म्हणाले, बोटे ठेवली आहेत, ती वाकतील की नाही ते पट्टी सुटल्यावर कळेल. आधी कोणी सांगू शकत नाही.

नर्सबाईंचा फोन आला. इकडे आमच्या बायांनी ठरवले होते की पट्टी सुटेपर्यंत रोज एकीने दुपारचे जेवण सोडून प्रार्थना करायची. आज एक, उद्या दुसरी, साखळी तुटू द्यायची नाही. एका म्हातारीला साखरेचा आजार, तिला उपास चालत नाही, तर तिने आपल्या दिवशी चहा सोडला. तिची सून म्हणाली, जेवण सोडले असते तर बरे झाले असते, चहा नसला की ही दिवसभर घर डोक्यावर घेते. मी फोनवर हे ऐकले आणि कोल्हापूरच्या त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून हसले. मग रडले. माझ्यासाठी कोणी जेवण सोडेल असे मला कधी वाटले नव्हते.

मग नर्सबाईंनी विचारले, "आणि पैशांचं कसं केलंस? सांग मला, म्हणजे त्याच्यासाठीही मागता येईल."

मी सांगितले. मावशीचे नाव घेऊन, लग्नाचे पैसे आहेत, मुलाला ठाऊक नाही, सगळे. आणि म्हणाले, "बाई, कोणाला सांगू नका हं."

"छे गं," नर्सबाई म्हणाल्या. "फक्त प्रभूला सांगेन."

आणि त्यांनी प्रभूलाच सांगितले. मी परत आल्यावरच्या पहिल्या मंगळवारी, साखळी प्रार्थनेत, त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात.

मी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते. माझी वेळ आली, मी हात दाबला, त्यांनी सुरू केले. आधी हाताबद्दल मागितले, फार सुंदर मागितले. मग म्हणाल्या, "आणि हे दयाळू पित्या, तुला ठाऊक आहे की या आमच्या बहिणीवर चाळीस हजारांचं ओझं आहे." मी त्यांचा हात दाबला. "तुला ठाऊक आहे, पित्या, की तिच्या शेजारणीनं आपल्या लेकीच्या लग्नाचे पैसे काढून दिले." मी आणखी जोरात दाबला. आता त्यांनी थांबावे म्हणून दाबत होते. त्यांना वाटले माझे मन भरून आले. त्यांनीही माझा हात घट्ट धरला आणि आवाज चढवला. "होय प्रभो, तिचा हात थरथरतोय! आणि त्या बाईनं आपल्या मुलापासूनसुद्धा हे लपवून ठेवलं आहे, तर तू त्या मुलाचंही मन—"

मी इतका जोर लावला की त्यांच्या अंगठीचा वण माझ्या बोटावर उठला. प्रार्थना काही थांबली नाही. सगळ्या जणी एका आवाजात आमेन म्हणाल्या.

त्या गोलात एक बाई होती, ती माझ्याच कंपनीत कोलंबी सोलते. मावशीची सूनही तिथेच कामाला. पुढच्या दिवशी ती बाई सुनेला म्हणाली, तुझी सासू देवमाणूस हो, आम्ही काल तिच्यासाठी प्रार्थना केली. तिला खरेच कौतुक करायचे होते. सुनेने विचारले, कशासाठी?

दुपारी मी घरी आले तर अंगणात मावशीचा थोरला उभा होता. नवरा आत खाटेवर हात उशीवर ठेवून पडला होता आणि त्याला सगळे ऐकू जात होते.

"लग्न तुझ्या लेकीचं आणि पैसे याच्या बोटांत?" तो आईला म्हणत होता. "विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर दिले असतेस?" मावशी ताठ बसून विळीवर मासे साफ करत होती.

"नसते दिले."

"म्हणून नाय विचारलं."

"त्यांचा देव देतो ना त्यांना? मग त्याच्याकडून घ्यायचे होते."

"त्यांच्या देवानं माझं दार दाखवलं असंल, तर मी काय दार लावून घेऊ? आणि त्याची बोटं कामाची तरी हायत. तुझी दिवसभर मोबाईलवर फिरतात."

मी पायरीशी उभी होते. मला पुढे जाऊन काही बोलायला हवे होते. मी आत गेले आणि मोरीत नळ सोडून बसले. त्या दिवशी मला प्रार्थनेची भीती वाटली, हे लिहायला हवे. ज्यांनी आमच्यासाठी जेवण सोडले त्यांच्याच प्रार्थनेने मावशीच्या घरात भांडण लावले. मी नवऱ्याला म्हणाले, मी आता मंगळवारी जाणार नाही. तो म्हणाला, "माझ्या हाताची साखळी चाललीय ना अजून? मग तू एक कडी काढून कशाला घेतेस?"

मी तरीही गेले नाही. पुढच्या मंगळवारी दुपारी दाराशी चपला वाजल्या. नर्सबाई होत्या. एकट्या. हातात नानकटाईचा डबा. त्यांना कळले होते. मी त्यांना आत बोलावले तर त्या आल्या नाहीत, अंगण ओलांडून सरळ मावशीच्या पायरीशी गेल्या. एवढी मोठी बाई, जिच्यासमोर चर्चचे पाळकसाहेबसुद्धा जपून बोलतात, ती तिथे उभी राहून म्हणाली, "मी चूक केली. माझ्या तोंडून तुमच्या घरची गोष्ट बाहेर गेली. मला माफ करा."

मावशीने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिले.

"बाई, तुमच्या देवाला कमी ऐकू येतं काय?"

नर्सबाईंनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"नाय, तसं असंल तर मोठ्यानं सांगितलंत ते बरोबर हाय. पण चांगलं ऐकू येत असंल तर वाडीभर दवंडी कशाला?"

नर्सबाई हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मावशीने पाट पुढे सरकवला. "बसा. डब्यात काय हाय?"

दोन नानकटाया खाऊन झाल्यावर मावशी म्हणाली, "आता झालं ते झालं. तुम्ही सगळ्यांसाठी मागता, तर आता माझ्यासाठी मागा. थोरला आत हाय. त्याला ऐकू जाऊ दे."

नर्सबाईंनी पदर डोक्यावर घेतला, घसा साफ केला. "हे कृपावंत—"

"तुम्ही नको," मावशीने त्यांना थांबवले. "तुम्ही परत सगळं सांगून टाकाल. हिला सांगा."

ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "मावशी, मला नाही येत."

"का गो? त्या दिवशी चाळीस हजार म्हणायला आलं, आता चार शब्द मागायला येत नाय?"

तिने माझा एक हात धरला. मासळीचा हात, खरखरीत, माझ्यासारखाच. दुसऱ्या बाजूने नर्सबाईंनी धरला. आमच्या अंगणात, तुळशीजवळ, तीन बाया अशा हात धरून बसलो. मी डोळे मिटले. इतक्या वर्षांची सवय, माझी बोटे आपोआप वळली आणि मी नर्सबाईंचा हात दाबला.

त्या बोलल्या नाहीत. त्यांनी माझा हात परत दाबला. माझी वेळ मलाच परत केली.

मग मी टोपलीचा विचार केला. मनात म्हटले, ही मावशीची टोपली, आता सोलायला घे. आणि बोलले. काय बोलले ते मला सगळे आठवते, कारण त्यात फारसे काही नव्हते. मी म्हणाले, "प्रभू, ही माझी मावशी. हिनं मला पैसे दिले तेव्हा लिहून घेतलं नाही. हिच्या लेकीचं लग्न नीट होऊ दे. हिच्या मुलाला राग आला तो बरोबर आहे, बहिणीची काळजी आहे त्याला. त्याच्यापुढे मला मान खाली घालायला लावू नको. माझ्या नवऱ्याची बोटं वाकू देत म्हणजे आम्ही पैसे देऊ. मावशीची कंबर दुखते, ती सांगत नाही, ती बरी कर. येशूच्या नावाने मागते. आमेन."

आमेन नर्सबाई म्हणाल्या. मावशी म्हणाली, "कंबरेचं तुला कोणी सांगितलं?" आणि आतल्या खोलीत थोरल्याच्या मोबाईलवर चाललेले गाणे बंद झाले होते, हे मला तेव्हा कळले.

आमच्या खाटेवरून नवरा ओरडला, "हा चिमटा नव्हता."

थोरला दारात आला. तो काही बदलून गेला नव्हता, खोटे कशाला लिहू. तो म्हणाला, "वैशाखात हळद आहे. हळदीच्या आधी सगळे पैसे पाहिजेत." मी मान वर करून म्हणाले, "देऊ." एवढाच शब्द, पण तो मी त्याच्या तोंडावर म्हणाले.

पट्टी सुटली तेव्हा बोटे काठीसारखी होती. मधले बोट जरा हलले, बाकीची दोन नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता व्यायामावर आहे. तेव्हापासून नर्सबाई आमच्या घरी रोज सकाळी यायला लागल्या. गरम पाण्यात हात बुडवायचा, कपड्याचा बोळा दाबायचा, ताटातले वाटाणे एकेक उचलायचे. "दाब. आणखी दाब. रडू नकोस, बाळंतिणी एवढं रडत नाहीत." नवरा मला म्हणायचा, "बाईंच्या तावडीतून सोडव, त्यासाठी एखादी टोपली धर." त्याला टोपलीची गोष्ट मी त्याच दिवसांत सांगितली होती. त्याने विचारले, "माझ्या किती झाल्या?" मी सांगितले नाही.

रोज आम्ही घरी प्रार्थना करतो तेव्हा मी त्याचा उजवा हात धरायचे. आमेनच्या आधी तो माझा हात दाबायचा. आधी नुसता अंगठा लागायचा. नाताळच्या सुमारास एके दिवशी करंगळीशेजारचे बोट लागले. फुलपाखरू बसावे एवढेच. मी डोळे उघडले नाहीत, आमेन म्हणायचे राहून गेले. त्या दिवशी ज्या बाईचा उपासाचा दिवस होता तिला मी फोन केला. मी कधी कोणाला आपणहून फोन करत नाही. ती म्हणाली, "कोण बोलतंय?" मी म्हणाले, "बर्फाची लादी." आणि सांगितले. पट्टी केव्हाच सुटली होती, तरी बायांनी साखळी थांबवली नव्हती. कोणी थांबवा म्हटलेच नाही.

मावशी म्हणाली, मीपण आमच्या देवीला सांगून ठेवलंय हो. मी म्हटले, बरे केलेस मावशी. मी कोणाला मागितले ते मला माहीत आहे, आणि तिला माझ्यासाठी मागावेसे वाटले हे माझ्यासाठी पुष्कळ आहे.

मंडळीत पैसे गोळा करून कर्ज फेडू असे नर्सबाईंनी सुचवले. बायांची तयारी होती. नवरा म्हणाला, "बाई, तुम्ही जेवण सोडलंत ते घेतलं. पैसे नको. हाताचे पैसे हातालाच फेडू द्या." मला तेव्हा त्याचा इतका अभिमान वाटला की मी उठून चहा टाकायला गेले. अभिमान करू नये असे आम्हाला शिकवतात. पण हा अभिमान मी प्रभूसमोर घेऊन गेले तेव्हा त्याने काही मला रागावले नाही.

होळीच्या आधी त्याने पहिल्यांदा जाळे हातात घेतले. सुई अंगठा आणि मधल्या बोटात धरायची नवी पद्धत त्याने स्वतः काढली. पहिला सांधा लहान मुलाने घातल्यासारखा झाला. तो उसवला, परत घातला. बंदरावर जाऊन बसायला लागला. वेग पूर्वीचा नव्हता, पण सांधा शोधून सापडत नव्हता. लोक जाळी आणून द्यायला लागले. मी कंपनीत जास्तीच्या टोपल्या घ्यायला लागले. जे जमेल ते दर शनिवारी मावशीला नेऊन द्यायचे. ती थोरल्यासमोर पिशवीत टाकायची, मुद्दाम तिची नाडी जोरात ओढून.

मंगळवारी मी परत जाते. पहिल्या दिवशी माझी वेळ आली तेव्हा माझ्या उजव्या हाताची बाई सवयीने बोलायला लागली, "हे प्रभू," आणि मी म्हणाले, "थांब, माझं व्हायचंय." गोलात हसू फुटले. माझी प्रार्थना अजून लहानच असते. नर्सबाईंची अजून लांब असते, पण आता कोणी काही खाजगी सांगितले की त्या आधी विचारतात, "हे मोठ्यानं की मनात?" ही पद्धत आता आमच्या मंगळवारची झाली आहे. ती माझ्या मावशीमुळे आली, तिने आमच्या देवळात कधी पाऊलसुद्धा टाकले नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी मावशीच्या अंगणात मांडव घातला होता. पाहुणे यायचे होते. थोरला खुर्चीवर चढून दिव्यांची माळ बांधत होता. मी आणि नवरा राहिलेले पैसे घेऊन गेलो. नव्या साडीच्या पिशवीत घातले होते, वरून नवरीसाठी एक साडीही होती. मी पिशवी मावशीपुढे धरली.

"मला कशाला देतेस?" ती म्हणाली. "तूच मोज रे. बघू दे मला, चाळीस हजारांची बोटं चालतात काय ती."

नवरा मांडवात सतरंजीवर बसला. नोटा डाव्या हातात धरल्या आणि उजव्याने मोजायला लागला. अंगठा आणि मधले बोट पुढे, बाकीची दोन मागून हळू वाकत होती. आतून नवरी आली, सून आली. थोरला माळ तशीच हातात धरून खुर्चीवर उभा राहिला. मध्येच एक नोट निसटून सतरंजीवर पडली. कोणी वाकले नाही. नवऱ्याने ती त्याच हाताने, करंगळीशेजारच्या बोटाने सरकवून उचलली आणि मोजणी पुढे चालू ठेवली.

संपल्यावर त्याने गठ्ठा मावशीच्या पदरात ठेवला. मावशीने तो मोजला नाही. थोरल्याकडे वर बघून म्हणाली, "फिटले."

"फिटले," थोरला म्हणाला, आणि खुर्चीवरून उतरून माळेचे दुसरे टोक त्याने माझ्या नवऱ्याच्या उजव्या हातात दिले. "जरा धर."